चौरस फोटोसाठी डिजिटल कॅमेरा घेताय? आधी दोन्ही बाजूंचा सहावा हिस्सा झाकून बघा

वडिलांनी आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेले फोटो आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात अजून जपून ठेवलेत. काळ्या जाड कागदाचा अल्बम, आणि त्यात पांढऱ्या कडेचे, तळहातावर मावतील एवढे चौरस फोटो. १२० जातीच्या फिल्मच्या एका रोलात ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघत. आडात डोकावणारी आत्या, उंबऱ्यावर बसलेले आजोबा, मागावर हात ठेवून उभे असलेले शेजारचे काका. कुठल्याच फोटोत कॅमेरा आडवा धरला होता की उभा, हे कळत नाही, कारण तो प्रश्नच नव्हता. १९२९ मध्ये जर्मनीत आलेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्यापासून पुढं कित्येक वर्षं चौरस फ्रेम ही फोटोग्राफीतली अगदी रोजची गोष्ट होती. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याही हातात रोलायफ्लेक्स असे.

आज दुकानात जाऊन ‘चौरस सेन्सरचा कॅमेरा दाखवा’ म्हटलं, तर दाखवायला काही नसतं. सेन्सर म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग. हॅसलब्लाड या फिल्म कॅमेऱ्याला मागून जोडायचे चौरस सेन्सरचे डिजिटल बॅक पूर्वी निघाले, पण त्यांची किंमत आणि आजची दुरुस्ती आपल्या आवाक्यातली नाही. फुजीफिल्मचा २०१७ चा इन्स्टॅक्स स्क्वेअर एसक्यू १० खरोखर चौरस फोटो घेतो, पण तो १९२० बाय १९२० पिक्सेलचा, म्हणजे चांगल्या छपाईत साडेसहा इंचांच्या आतच. लहान मुलांच्या वाढदिवसाला तो मजेचा आहे, गंभीर कामाला पुरत नाही.

म्हणजे तुम्ही कुठलाही कॅमेरा घेतलात तरी त्याच्या आडव्या फ्रेममधून चौरस कापलाच जाणार. तो फोटो काढताना कापलेला दिसतो की घरी गेल्यावर कापावा लागतो, यावर सगळी निवड ठरते. मेगापिक्सेल, ब्रँड, व्हिडिओ हे सगळं त्यानंतर.

आधी आठवडाभर फोन

पैसे काढण्याआधी फोनचा कॅमेरा १:१ वर, म्हणजे चौरसावर ठेवा आणि ७ दिवस रोज १२ च फोटो काढा. एक रोल म्हणा. तेरावा नाही. आठवड्यानं ८४ फोटो समोर ठेवून दोन गोष्टी बघा. किती फोटोंत बाजूला अजून जागा हवी होती असं वाटलं? आणि तुम्ही विषयाच्या जवळ जाता की लांब थांबता? निम्म्याहून जास्त फोटोंत चौरस अडचणीचा वाटला, तर चौरसासाठी म्हणून कॅमेरा घेऊ नका. साधा चांगला कॅमेरा घ्या. लांब थांबता की जवळ जाता याचं उत्तर पुढं लेन्स निवडताना लागणार आहे, ते लिहून ठेवा.

हेही स्पष्ट सांगतो. १२ मेगापिक्सेलचा फोन ४०३२ बाय ३०२४ चा फोटो देतो. त्यातला चौरस ३०२४ बाय ३०२४, म्हणजे सुमारे ९ मेगापिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबानं १० इंची चौरस छपाई यातून नीट होते. फोटो फक्त फोनवरच बघायचे असतील तर नवीन कॅमेऱ्याची गरज नाही. संध्याकाळच्या कमी उजेडात, भर उन्हात डोळा लावून, खऱ्या लेन्सनं आणि रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरनं टिपलेल्या कच्च्या फाइलवर काम करायचं असेल, तर पुढं वाचा.

सेन्सरचं गणित, एकदाच

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मि.मी. चा असतो. त्यातला चौरस २४ बाय २४, म्हणजे एक तृतीयांश क्षेत्र वाया. एपीएस-सी हा त्याहून लहान सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, तिथंही वाया जाणारा हिस्सा तेवढाच. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३ चा असतो. त्याचं प्रमाण मुळातच ४:३ असल्यामुळं चौरसात पाव भागच जातो. म्हणून एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्समधला फरक चौरसात थोडा कमी होतो. लहान सेन्सर म्हणून लोक ज्याला नाक मुरडतात, तो या कामात वाटतो तेवढा मागे नाही.

पिक्सेलचा हिशेब असा. २४ मेगापिक्सेलचा ६००० बाय ४००० चा कॅमेरा चौरसात ४००० बाय ४००० देतो, १६ मेगापिक्सेल. २० मेगापिक्सेलचा मायक्रो फोर थर्ड्स ३८८८ बाय ३८८८ देतो, १५ च्या वर. दोन्हींत जेमतेम फरक. १२ इंची चौरस प्रिंटला ३६०० पिक्सेल लागतात, ते दोन्हींकडे आहेत. भिंतीवर लावायच्या २० इंची प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल पुरतात, कारण ती आपण दोन हात लांबून बघतो. तिथंही ४००० भागतात. त्यामुळं ‘चौरसात पिक्सेल जातात, म्हणून ४५ मेगापिक्सेल घ्या’ असं कुणी सांगितलं तर घाई करू नका. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे रात्रीचे फोटो काढणार असाल, तर मात्र क्षेत्र कमी झाल्याची किंमत नॉइजमध्ये, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणात मोजावी लागते, अर्ध्या स्टॉपपेक्षा थोडी जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तिथं मोठा सेन्सर किंवा जास्त उजेड आत घेणारी लेन्स कामाला येते.

व्ह्यूफाइंडरमध्ये चौरस दिसतो का?

माझा पहिला डिजिटल कॅमेरा वापरलेला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा होता. त्याच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत पूर्ण ३:२ ची फ्रेम दिसायची, चौरस मनातल्या मनात आखावा लागायचा. येळ्ळूरला बहिणीच्या मुलाच्या बारशाला मी दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन चौरस कापायला बसलो, तेव्हा नाव ठेवण्याच्या नेमक्या क्षणाच्या फोटोत पाळण्याची दोरी धरलेला आजीचा हात डाव्या बाजूला फ्रेमबाहेर जात होता. चौरस सरकवावा तर बाळ निसटत होतं. आजी पुढच्या वर्षी गेल्या. तो फोटो मी आडवाच ठेवला आहे, आणि त्यानंतर चौरस न दाखवणारा कॅमेरा घेतला नाही.

मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असतो. १:१ निवडलं की बाजू काळ्या होतात किंवा झाकल्या जातात, आणि डोळ्याला फक्त चौरस उरतो. याचा परिणाम सांगून कळत नाही. उरलेलं जग दिसेनासं झालं की माणूस एक पाऊल पुढं टाकतो, एक पाऊल डावीकडं सरकतो, आणि फोटो जुळून येतो.

मॉडेल बघताना मेनूत १:१ आहे का हे स्वतः उघडून बघा. सोनीच्या ए ६००० मध्ये ३:२ आणि १६:९ एवढंच आहे, चौरस नाही, आणि वापरलेल्या बाजारात हा कॅमेरा खूप फिरतो. निकॉनच्या झेड मालिकेत इमेज एरियाखाली १:१ मिळतं. फुजीत ते इमेज साइजमध्ये लपलेलं आहे. कॅननच्या मिररलेसमध्ये, ऑलिम्पस आणि पॅनासॉनिकमध्येही आहे. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये १:१ असतं, पण त्याचा खरा उपयोग मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमध्येच.

घरात आधीच जुना डीएसएलआर असेल तर टाकून देऊ नका. मागच्या पडद्याच्या काचेवर अपारदर्शक टेपच्या दोन पट्ट्या लावा. ३:२ च्या चित्रात प्रत्येक बाजूचा एक षष्ठांश, ४:३ च्या चित्रात प्रत्येक बाजूचा एक अष्टमांश. लाइव्ह व्ह्यू लावून काम करा. दिसायला ओबडधोबड, पण चौरस समोर दिसतो.

रॉ फाइलचं काय होतं

चौरस निवडल्यावर जेपेग चौरस होतेच. रॉ मात्र कंपनीगणिक वेगळी वागते. कॅनन, फुजी, ऑलिम्पस यांच्यात रॉ पूर्ण राहते, सोबत चौरसाची खूण जाते. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती खूण हलवून मूळ फ्रेममधला बाजूचा भाग परत घेता येतो. निकॉन झेडमध्ये रॉसुद्धा कापली जाते. झेड ५० वर १:१ म्हणजे ३७१२ बाय ३७१२, आणि उरलेलं कायमचं गेलं.

यात चांगलं-वाईट तुमच्या स्वभावावर आहे. नवशिक्याला मी पूर्ण रॉ राहणारा कॅमेरा सुचवतो. लग्नाच्या घाईत अर्धा इंच चुकतोच, तेव्हा ती राखीव जागा देवासारखी धावून येते. फुजी घेतलात तर एक लक्षात ठेवा. बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त रॉ निवडलं की चौरसाचा पर्याय बंद पडतो. रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवा, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये चौरस टिकतो.

लेन्स: दुकानदार ज्याला नॉर्मल म्हणतो ती तुमची नॉर्मल नव्हे

बहुतेक चूक इथं होते. नॉर्मल लेन्स म्हणजे साधारण डोळ्याला दिसतं तसं दाखवणारी, ना फार लांबची ना फार रुंद. ‘पहिली लेन्स ५० एमएम एफ १.८ घ्या’ हा सल्ला बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, कुठंही ऐकायला मिळतो. ३:२ च्या फ्रेमसाठी तो ठीक आहे. चौरस कापला की फ्रेमची रुंदी जाते आणि तीच लेन्स जास्त लांबची वाटू लागते.

रोलायफ्लेक्सवर ७५ किंवा ८० एमएमची लेन्स असायची आणि फिल्मवरचा चौरस प्रत्यक्षात ५६ मि.मी. चा. तीच नजर डिजिटलवर हवी असेल तर फुल फ्रेमला ३५ एमएम, एपीएस-सीला २२ ते २४, मायक्रो फोर थर्ड्सला १७ ते २० एमएम लागते. आता एपीएस-सीवरच्या त्या ५० एमएमचं बघा. चौरसात ती जुन्या ६ बाय ६ वरच्या १८० एमएमसारखी वागते. चेहऱ्यासाठी सुंदर, पण बेळगावच्या पांगुळ गल्लीत उभं राहून समोरचं दुकान मावणार नाही. वडगावच्या मागाच्या खोलीत तर पाठ भिंतीला टेकली तरी विणकराचा चेहरा आणि हात एका फ्रेममध्ये येत नाहीत. मी हे करून बघितलंय.

कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स १८-५५ असेल तर तिला २३ च्या आसपास ठेवून महिनाभर वापरा. फोनच्या आठवड्यात तुम्ही जवळ जाणारे निघालात तर २३-२४ तुम्हाला लगेच पटेल. लांब थांबणारे असाल तर ३५ घ्या. दोन्ही घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी.

आणि एक फायद्याची गोष्ट. लेन्सचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे कोपरे. चौरसाचा कोपरा मधल्या बिंदूपासून ३:२ च्या कोपऱ्यापेक्षा पाचवा हिस्सा आत असतो. फुल फ्रेमवर २१.६ मि.मी. ऐवजी १७. म्हणजे कोपऱ्यात मऊ पडणारी, कडा काळवंडणारी स्वस्त लेन्स चौरसात बरीच नीट वाटते. महागडी लेन्स घ्यायचे पैसे इथं वाचतात.

मागचा पडदा

जुने लोक कॅमेरा छातीपाशी धरून वरून खाली बघत. समोरच्या माणसाच्या तोंडावर यंत्र रोखलेलं नसायचं, तो मोकळा बोलायचा. फक्त वर-खाली झुकणारा पडदा असेल तर हे आजही जमतं. बाजूला उघडणारा पडदा व्हिडिओवाल्यांना सोयीचा, पण छातीपाशी धरल्यावर नजर लेन्सच्या रेषेतून बाजूला जाते. उभा फोटो काढायला बाजूचा पडदा लागतो असं सांगतात. चौरसात उभा फोटोच नाही, त्यामुळं साधा झुकणारा पडदा पुरेसा. खानापूरला कुंभाराच्या चाकापाशी मांडी घालून बसल्यावर, किंवा सुगीत भाताच्या गंजीपाशी वाकून काम करताना याची किंमत कळते.

मग कुठला घ्यायचा?

कमी खर्चात, वापरलेला: कॅनन एम ५० आणि त्याची २२ एमएम एफ २ लेन्स. २४ मेगापिक्सेल, मेनूत १:१, आणि २२ एमएम म्हणजे चौरसाची अगदी नेमकी नॉर्मल, आकारानं चपटी. पडदा बाजूला उघडतो, एवढी एक तडजोड. कॅननने या एम मालिकेचं उत्पादन २०२३ मध्ये थांबवलं, त्यामुळं पुढं नवीन लेन्स येणार नाहीत. एकच लेन्स वापरणाऱ्याचं त्यानं काही अडत नाही.

ऑलिम्पस ई-एम १० मार्क टू हाही मला मनापासून आवडतो. १६ मेगापिक्सेल, चौरसात ३४५६ बाय ३४५६, झुकणारा पडदा, आणि बॉडीतच स्थिरीकरण. देवळाच्या गाभाऱ्याबाहेरच्या अंधुक उजेडात तिपाईशिवाय काम होतं. ऑलिम्पसचा कॅमेऱ्यांचा धंदा २०२१ पासून दुसऱ्या कंपनीकडं गेलाय, तेव्हा बॅटरी आणि दुरुस्ती कुठं मिळेल हे आधी विचारून घ्या.

नवा, वॉरंटीचा हवा तर निकॉन झेड ५० किंवा त्याची पुढची आवृत्ती, सोबत २४ एमएम एफ १.७. रॉ कापली जाते हे मान्य असेल तरच. फुजीची एक्स १०० मालिका २३ एमएमच्या पक्क्या लेन्सची, चौरसासाठी जणू मापून बनवलेली, पण किंमत चढी. रिको जीआर थ्री खिशात मावतो, १:१ ही आहे, पण व्ह्यूफाइंडर नाही आणि पडदा हलत नाही. एप्रिलच्या उन्हात त्याच्यावर काही दिसत नाही. आपल्याकडच्या उन्हासाठी मी तो पहिला कॅमेरा म्हणून सुचवणार नाही.

वापरलेला घेताना

आपल्या भागात वापरलेले कॅमेरे बहुतेक लग्नाच्या फोटोग्राफरांकडून येतात. ‘जास्त काय वापरलेलं नाही बघा’ हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं. शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललंय तो आकडा, बघा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या अनेक बॉडींचं शटर सुमारे १ लाख फोटोंच्या हिशेबानं बनवलेलं असतं, आणि एका लग्नसराईत हजारो फोटो सहज निघतात. बिल मागा, बिलावरचा सीरियल नंबर बॉडीखालच्या नंबराशी जुळवा. लेन्सचं छिद्र एफ १६ वर, म्हणजे बरंच लहान ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसणारा ठिपका म्हणजे सेन्सरवरची धूळ किंवा ओरखडा. चौरसाच्या बाहेरचा ठिपका असेल तर भाव पाडायला वापरा, काळजी करायला नको.

सगळ्यात मोठं संकट म्हणजे बुरशी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात, लेन्सचं काय घेऊन बसलात! माझी एक चांगली लेन्स खानापूरला नातेवाइकांकडं चामड्याच्या पिशवीत एक पावसाळा राहिली आणि आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आले. साफ करून घेतली, तरी काचेवरच्या लेपावर खुणा राहिल्या आणि उजेडासमोर फोटो धुकट येऊ लागले. म्हणून विकत घेताना लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, मागून फोनचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. धूळ चालते. धागे किंवा दुधी डाग दिसले तर कितीही स्वस्त असली तरी नको. ती घरातल्या इतर लेन्सपाशीही ठेवू नये.

घेतल्यावर हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठेवा. जेलचा रंग बदलला की ती स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर सुकवा. चामड्याची पिशवी जून ते सप्टेंबर रिकामी टांगून ठेवा. आणि कॅमेरा वापरत राहा, उजेड-वारा लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

पहिली चाचणी किल्ल्यातल्या कमल बस्तीत

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली. मंडपाच्या छतावरच्या दगडी कमळाहून चौरस फ्रेमसाठी चांगली परीक्षा नाही. तिथं जाऊन १:१, रॉ आणि जेपेग, ग्रिड चालू करा. कमळाच्या बरोबर मध्याखाली उभं राहून पडदा झुकवा, लेन्स वर करून कॅमेरा सपाट धरा. मध्य थोडा जरी हुकला तरी पाकळ्या एका बाजूला दाटतात आणि चूक लगेच दिसते. आडव्या फ्रेममध्ये ती बाजूच्या जागेत लपते. मग मध्य मुद्दाम सोडा. कमळ एका कोपऱ्यात घ्या, उरलेली जागा खांबाच्या सावलीला द्या. तिपाई लावायची असेल तर आधी परवानगी विचारा. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात समोरासमोरचे दोन गाभारे आहेत, तिथं हाच सराव दोन विषयांना घेऊन करता येतो.

छापून घेताना

लॅबमध्ये चौरस फाइल नुसती देऊन ‘४ बाय ६ काढा’ म्हणू नका. मशीन कागद भरून टाकण्यासाठी वर-खाली कापतं. माझे २० फोटो एकदा असे डोकं कापून आले. त्याऐवजी घरीच १२ बाय १८ इंचांचं कोरं पान बनवा. त्यात ६ इंची चौरस फोटो बरोबर ६ बसतात, दोन आडवे, तीन उभे, तसूभर कागद वाया जात नाही. ८ बाय १२ च्या पानात तसेच ४ इंची ६. प्रत्येक फोटोला आतून पाव इंच पांढरी कड सोडा, म्हणजे कापताना हात थोडा हलला तरी चालतो. लॅबवाल्याला सांगा, ‘जसं आहे तसं काढा, फिट करू नका.’ आणि कात्रीनं न कापता स्टीलची पट्टी आणि कटर वापरा. वडिलांच्या अल्बमची मधली चार पानं कोरी होती. त्यात आता माझे लागलेत.